क्लच गेला की गुडघा

आगरदांड्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची म्हणजे उलटी चढवायची. सरळ आत घुसलात तर पलीकडे दिघीला रिव्हर्समध्ये उतरावं लागतं, आणि मग खलाशी तुमच्या माहेरच्यांची आठवण काढतो. म्हणून गाडीचं तोंड मुरूडकडे, पाठ खाडीकडे, आपली मान घुबडासारखी फिरवलेली, आणि मागे बोटीत चढायच्या फळीवर उभा राहून खलाशी हात हलवतोय, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या."

मी येऊ देत होते. गाडीच येत नव्हती.

मे महिना होता. पलीकडे दिघीच्या बाजूला माझ्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्न. शेजारच्या सीटवर माझा मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. माझी गाडी दोन माणसांची, लाल, वरून उघडी आणि इतकी बुटकी की रस्त्यावरची कुत्री खिडकीतून आत बघतात. मागची चाकं बोटीच्या फळीवर चढली आणि मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी जागच्या जागी. आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं, आणि गाडी चक्क खाली घसरायला लागली. जळक्या रबरासारखा, जळक्या केसांसारखा वास सुटला आणि बॉनेटखालून धूर आला.

"आई, ब्रेक! ब्रेक!"

"मावशी, क्लच जाळताय!" खलाशी.

"मावशी, लग्न लागून बारसं होईल!" हा आवाज रांगेतल्या ट्रॅक्स जीपमधून. तीही त्याच लग्नाला निघालेली.

शेवटी ट्रॅक्समधले पाहुणे उतरले, त्यांनी गाडी ढकलून जेट्टीच्या कडेला नेली, आणि ते सगळे आमच्या डोळ्यांदेखत बोटीत चढून लग्नाला गेले. आम्ही गेलो नाही. बर्फाचा रिकामा टेम्पो थळला परतत होता, त्याच्या मागे दोरखंड बांधून गाडी ओढत आणली. आहेराचा मिक्सर गाडीच्या डिकीतच राहिला. सगळ्या वाटेवर मुलगा एकच वाक्य बोलला.

"आई, तुझा पाय आता टिकत नाही."

मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. पण मी गप्प बसले, कारण मलाही नेमकं तेच वाटत होतं.

झालं होतं असं की दिवाळीपासून क्लचचं पेडल मला जड जायला लागलं होतं. आधी थोडं, मग बरंच. मी कुणाला बोलले नाही. एकटी राहते मी, थळला. नवरा खताच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, सून, नात नवी मुंबईला. सुट्टीला येतात. ते यायच्या आधी मी पहाटे उठून डाव्या गुडघ्याला लसूण घालून कढवलेलं तेल चोळायचे आणि खिडक्या उघडायचे. सून विचारायची, "आई, कसला वास येतोय?" मी म्हणायचे, "शेजारी जवळा भाजतायत." शेजारी बिचारे त्या वेळी झोपलेले असायचे.

कारण सरळ होतं. गुडघा गेला म्हणून कळलं की मुलगा गाडी विकणार. त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, किहीमचा एक बंगलेवाला, शनिवार-रविवारी येणारा. आणि गाडी गेली की माझं काय उरतं? बाजाराला जायला रिक्षा, बहिणीकडे जायला तीन ठिकाणी बस बदलणं, आणि उरलेला वेळ ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालात?" विचारणं. आतापर्यंत तो प्रश्न मला लोक विचारत आले. तो मला दुसऱ्यांना विचारायचा नव्हता.

आता ही गाडी माझ्याकडे आली कशी, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला डोहाळे लागले. किहीमच्याच दुसऱ्या एका बंगल्यातल्या बाईंना मी निवृत्त झाल्यावर मराठी शिकवायला जायचे. त्यांच्या आवारात, नारळीखाली, ताडपत्री घालून ही गाडी पडून होती. त्यांच्या यजमानांची हौस. यजमान परदेशी गेले, हौस इथेच राहिली. एकदा नारळ पडून बॉनेटला वाटीएवढा खळगा पडला तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "ही घेऊन जा कोणीतरी." मी त्यांना वाक्य दुरुस्त करायला सांगितलं, कारण "कोणीतरी" म्हणजे मीच होते. पैसे मोजून मी ती घरी आणली. मुलगा म्हणाला, तेवढ्या पैशांत न्हाणीघराला टाइल्स बसल्या असत्या. मी म्हटलं, न्हाणीघर मला दिघीला नेत नाही.

खरं सांगायचं तर दोष माझा नाही, त्या दुसऱ्या बाईचा. म्हणजे मी तिशीत होते तेव्हाची मी. तिला मी फार जवळून ओळखते आणि तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. नव्यानेच शाळेत शिक्षिका झालेली, नवऱ्याच्या कंत्राटदार मित्राची जीप चालवायला शिकत होती, आणि शिकण्याआधीच एस.टी.त शेजारी बसणाऱ्या प्रत्येकीला सांगून मोकळी झाली होती की, "हल्ली मी गाडीनेच जाते." गाडी चालवायला काय काय लागतं याची तिची यादी अशी: काळा गॉगल, उंच टाचेची चप्पल, आणि पदर उडायला वारा. क्लच नावाची गोष्ट तिच्या यादीत नव्हती. ती त्याला पाय ठेवायची जागा समजत असे.

नवऱ्याने तिला शंभरदा समजावलं. बाई गं, इंजिन फिरतं, चाकं फिरतात, मध्ये ही एक तबकडी आहे. पेडल दाबलं की दोघांची फारकत, सोडलं की पुन्हा संसार. पाय त्यावर ठेवून बसू नकोस, झिजेल. ती म्हणायची, "कळलं." तिला काही कळलेलं नसायचं. वाऱ्यावर पदर नीट उडतोय की नाही इकडे तिचं सगळं लक्ष.

असो. तिच्याकडे परत येऊच. ती जाणार कुठे?

तर त्या मे महिन्यात घरी आल्यावर मुलाने जाहीर केलं की गाडी विकायची.

"क्लच बदलला की झालं," मी म्हटलं.

"क्लच बदलशील. पाय कुठून आणशील?"

"पायाला काय झालंय?"

"आई, कपाटामागची तेलाची बाटली तुझ्या सुनेने बघितली आहे."

सुना काय काय बघतात. शेवटी बरीच तणतण झाल्यावर ठरलं ते असं. नारळी पौर्णिमेला तो येणार, राखीसाठी सगळेच येतात. तोपर्यंत मी क्लच बदलून घ्यायचा. त्या दिवशी मी स्वतः गाडी आगरदांड्याला न्यायची, उलटी बोटीत चढवायची, पलीकडे जाऊन परत आणायची. जमलं तर गाडी माझी. नाही जमलं तर संध्याकाळी किहीमवाला चावी घेऊन जाणार.

"आणि डॉक्टरला गुडघा दाखवायचा," तो म्हणाला.

"एका वेळी एकच गोष्ट उघडायची," मी म्हटलं.

आता मेकॅनिक. अलिबागच्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, लिफ्टचे हात हिच्या खाली जातच नाहीत, इतकी ही बुटकी. दुसऱ्याने फोनवरच हात जोडले. मग थळच्या कोळीवाड्यातला, होड्यांची इंजिनं बघणारा, "मी करतो" म्हणाला. हा माझा विद्यार्थी. माझ्या अख्ख्या नोकरीत ज्याने एकदाही गृहपाठ वेळेवर दिला नाही, तोच. पण जिभेचा गोड. तेव्हाही वही नसली की म्हणायचा, "बाई, लिवलाय सगला, फक्त घरी रायलाय."

"बाई, होडीच्या इंजिनालापन क्लच असतो. मना काय नवा न्हाय. आठ दिवसांत देतो."

"नक्की?"

"बाई, तुमच्या पायाची शपथ."

माझ्या पायाची! लोकांना नेमका तोच अवयव सापडतो.

गाडी त्याच्या शेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या चार खांब आणि पत्र्यांखाली न्यायची होती. ती वर उचलायची कशी हा प्रश्न. जॅक खाली जात नाही. त्याने डोकं लढवलं. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून लाकडाच्या ओंडक्यांवर उभ्या करतात, तशीच गाडी उभी करायची. फळ्या टाकल्या, त्यांना माशाच्या तेलाचं बोट लावलं, दोरखंड बांधला, आणि होडीला लावतात तसे दोन्ही बाजूंनी माणसं लागली. एकाने सूर धरला, बाकीच्यांनी ओढ दिली, आणि माझी गाडी होडीसारखी चढत चढत ओंडक्यांवर जाऊन बसली. दोन होड्यांच्या मध्ये, तोंड समुद्राकडे. माशाच्या तेलाचा वास तिच्या सीटला आजही येतो. मी आता कुणाला जवळा भाजल्याचं खोटं सांगत नाही, एवढाच फायदा.

ओंडक्यांवर चढायच्या आधी मात्र एक गोष्ट घडली. तो सीटवर बसला आणि त्याने क्लचचं पेडल दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग उतरून माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, ह्यो पेडल दबत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे माझ्याच्यान जोरात दाबावा लागतो. आतली प्लेट झिजून पार पापड झाली आसंल. प्लेट झिजली का पेडल जड होतो. तुमी कसा दाबत व्हतात?"

म्हणजे दिवाळीपासून मी चोळत होते ते तेल बहुतेक चुकीच्या जागी चोळत होते! पण मग वाटलं, हा गोड बोलणारा माणूस. पेडल जड म्हटलं की काम मोठं होतं, काम मोठं झालं की उशीर माफ होतो. लहानपणी यानेच तर "वही गाईने खाल्ली" म्हणून सांगताना डोळ्यांत पाणी आणलं होतं. याच्या शब्दावर मी माझा गुडघा निर्दोष कसा सोडू?

निकाल एकच गोष्ट देऊ शकत होती. नवा क्लच. तो बसल्यावर पेडल हलकं लागलं तर दोष गाडीचा. तेव्हाही जडच लागलं, तर मग जड मी.

आणि इथून माझ्या डोक्याला खरा ताप सुरू झाला.

आठ दिवस म्हणजे किती, हे कोळीवाड्यात समुद्र ठरवतो. मासेमारी बंद असते तेवढ्याच महिन्यांत होड्यांची सगळी कामं उरकायची असतात. लाकूड, रंग, जाळी, इंजिन. आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर त्या घराचा हंगाम बुडाला. त्यामुळे रोज सकाळी मी छत्री घेऊन जायचे, आणि रोज माझ्या गाडीच्या आधी कुणाची तरी होडी.

"काय रे, उघडलीस का?"

"बाई, उद्या. आज ह्या काकांचा इंजिन बसवतो."

दुसऱ्या दिवशी काका बदललेले. उद्या तोच.

एकदा मी आवाज चढवला. "अरे, मी पण रांगेत आहे ना?" तर शेजारच्या होडीवर रंग लावणारी बाई ब्रश हवेत धरून म्हणाली, "बाई, तुमची गाडी न्हाय गेली तर तुमी रिक्षानं जाल. आमची होडी न्हाय गेली तर आमी काय रिक्षानं पापलेट आनू?"

चिडायला कारण असावं आणि चिडता येऊ नये, यापेक्षा वाईट जागा नाही. मी तिथेच माशांच्या रिकाम्या टोपलीवर बसून छत्रीखाली फुगून राहिले. आहेराचा मिक्सर त्याने डिकीतून काढला होता. खोक्यावर चहाचे कप ठेवले जायला लागले. मी हरकत घेतली तर म्हणाला, "बाई, खोका तुमचाच हाय म्हनून तर तुमच्या चहाला."

नात फोनवर विचारायची, "आजी, तुझी गाडी कुठपर्यंत आली?" मी सांगायचे, "एक होडी पुढे सरकली." ती हसून हसून फोन तिच्या बाबाकडे द्यायची. मुलगा मग हळूच म्हणायचा, "आई, ओढाताण नको करूस. किहीमवाल्याला गाडी जशी आहे तशी चालेल म्हणतो." जशी आहे तशी! तेव्हा तिचा गिअरबॉक्स एका पाटावर आणि सायलेन्सर जाळ्यांच्या ढिगाऱ्यात होता. जशी होती तशी तर मलाही ओळखू येत नव्हती.

शेवटी त्याने तो गिअरबॉक्स उतरवला होता खरा. इंजिन ज्या चेन-पुलीने होडीतून वर काढतात, त्याच चेन-पुलीने. आतून जुनी प्लेट निघाली. हातात घेतली तर खरोखर पापड. ज्या अस्तराने तिने पकडायचं, ते उरलेलंच नव्हतं. खिळे वर आलेले, कडा निळ्या-काळ्या पडलेल्या. मी ती धुऊन घरी आणली. का ते विचारू नका. मला तिची कीव आली. आपण झिजलोय हे कुणाला न सांगता ती बिचारी इतके महिने चढ चढत होती.

नवा क्लच मुंबईहून आला. पौर्णिमा तोंडावर. मी त्याच्या बाजूला उभी. नव्या प्लेटला दोन बाजू असतात. एका बाजूला मध्यभागी फुगीर भाग, दुसरी सपाट.

"फुगीर बाजू कुठे येते रे?"

"बाई, तुमी काय काळजी करू नका."

"काळजी नाही, विचारतेय."

"बाई, हजार बसवलेत मी."

तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी होडीचं इंजिन चालू होत नव्हतं. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने प्लेट जागेवर. बोलत बोलत त्याने सगळं बसवलं, आवळलं, गिअरबॉक्स चढवला. दुसऱ्या दिवशी गाडी ओंडक्यांवरून खाली उतरली. मी सीटमध्ये शिरले. या गाडीत बसायचं नसतं, शिरायचं असतं. पाय पेडलवर ठेवला आणि डोळे मिटून दाबला.

हलकं! कापसाच्या गादीत पाय रुतावा तसं. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. मी ओरडणार तेवढ्यात गिअर टाकायला गेले, आणि आतून असा खर्रर्र आवाज आला की बाजूच्या होडीवरचे कावळे उडाले. गिअर पडेचना. क्लच दाबलेला, पण इंजिन आणि चाकांची फारकत होतच नव्हती.

"काय रे हे?"

तो गाडीखाली गेला. बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा मला ओळखीचा होता. गृहपाठ न केलेला चेहरा.

"बाई, फुगीर बाजू उलटी बसली."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की शिक्षिकेच्या तोंडून ते शब्द ऐकून रंगवाल्या बाईने ब्रश डब्यात ठेवला आणि ऐकत बसली. आणि नेमका तेव्हाच मुलाचा फोन. त्यालाही खर्रर्र ऐकू गेलं असावं, कारण मी पुन्हा पुन्हा गिअर टाकून बघत होते. हट्टाने नाही, रागाने.

"आई, पुरे आता. परवा मी येतोय. किहीमवाल्याला संध्याकाळी बोलावतो."

"सकाळी आगरदांडा आहे," मी म्हटलं.

"गाडी उघडी पडलीय, आई."

"उघडीच घेतली होती मी."

फोन ठेवला आणि मेकॅनिकसमोर उभी राहिले. छत्री मिटली. वर्गात पट्टी आपटायचे तशी खोक्यावर आपटली. मिक्सर आतमध्ये खळखळला.

"आता नवी होडी घेणार नाहीस. कुणाचाच फोन घेणार नाहीस. मी इथे बसणार."

"व्हय बाई."

आणि मी बसले. पुन्हा ओंडके, पुन्हा सूर, पुन्हा चेन-पुली. गाडी वर, गिअरबॉक्स खाली. त्याचा फोन मी पदराला बांधून ठेवला होता. वाजला की मीच उचलायचे आणि सांगायचे, "ते परीक्षेला बसलेत." प्लेट फिरवून बसवली तेव्हा त्याने मला दोनदा दाखवली, फुगीर बाजू कुठे आली ते. मी मान हलवल्यावरच पुढचा बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी उजाडता किनाऱ्यावर होड्यांना पताका लागल्या होत्या. उद्या पौर्णिमा. गाडी खाली उतरली. पेडल हलकं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. चहूबाजूंनी माणसं जमली, कारण या गाडीला सगळ्यांचेच हात लागले होते. मी गॉगल लावला. हो, लावला. क्लच सोडला, आणि गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली. पुन्हा उडी, पुन्हा बंद.

माझ्या पायाला झिजलेल्या क्लचची सवय लागली होती ना! जुना क्लच पेडल पूर्ण वर येईपर्यंत पकडायचाच नाही. नवा जमिनीजवळच पकडतो. इतकी वर्षं गाडी हाकलेली मी, आणि शिकाऊ पोरीसारखी गचके खात होते. तेवढ्यात मेकॅनिक मागून ओरडला,

"बाई, झेंड्याला चक्कर मारा!"

हलकट. त्याला आठवत होतं. त्याला आठवणारच, तो तिथे रांगेत उभा होता. शाळेत पंधरा ऑगस्टची तालीम, मैदानावर पोरं, मध्ये झेंड्याचा खांब, आणि ती माझी गॉगलवाली बया कंत्राटदाराची जीप घेऊन पहिल्यांदाच शाळेत आली. फाटकातून आत शिरली, थांबायला ब्रेकऐवजी क्लच दाबला, आणि जीप मोकाट सुटली. मैदान थोडं उताराचं. थांबवता येईना म्हणून तिने वळवली, वळवली ती वळवतच राहिली. झेंड्याभोवती जीप, जीपमागे शिट्टी वाजवत मुख्याध्यापक. पोरांना वाटलं कार्यक्रमातच आहे. त्यांनी सलाम ठोकला. आणि त्या बयेने, मरताना तरी शोभा जाऊ नये म्हणून, गाडीतून सलाम परत केला.

सगळा किनारा हसत होता. मीही हसले, पण आतून चिडलेलीच, कारण उद्या फळी आहे आणि आज मी बेडूक आहे. मग मी काय केलं? ती चपला घालून सलाम करायची, मी चपला काढल्या. अनवाणी पायाने पेडल चाचपलं. कुठे पकडतं, कुठे सोडतं. किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत पुढे-मागे, पुढे-मागे, दुपारपर्यंत. चढ हवा म्हणून होड्यांच्या त्याच फळ्यांवर उलटी चढवून बघितली. रंगवाली बाई मागे उभी राहून हात हलवायची, "येऊ द्या, येऊ द्या." मध्येच ती म्हणाली, "बाई, आता आमच्या होडीपेक्षा तुमचीच पाण्यात जाईल."

पौर्णिमेला सकाळी मेकॅनिक नारळ घेऊन आला. होड्यांबरोबर गाडीलाही वाहायचा म्हणे. आमच्या घरात हे नसतं. दारावर लिंबू-मिरचीसुद्धा नसते. लिंबू सरबतात, मिरची कालवणात. पण त्याच्या हौसेला मी नाही म्हटलं नाही. फक्त सांगितलं, "बॉनेटवर फोडू नकोस, तिथे एक आधीच पडलाय."

मुलगा शेजारी बसला. गुडघे छातीशी. सुनेने घरून निघताना त्याच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, ते बहुधा माझ्या पायाबद्दल असावं, कारण अख्ख्या मुरूडच्या रस्त्यात तो समोर न बघता खाली माझ्या पायाकडे बघत होता.

"अनवाणी?" त्याने शेवटी विचारलं.

"तुझ्या वडिलांनी सांगितलं असतं तर तेव्हाच काढल्या असत्या."

जेट्टीवर तोच खलाशी. त्याने गाडी ओळखली आणि पाठीमागच्यांना हात दाखवला, "जरा लांब राहा रे." मी मान वळवली, गाडी उतारावरून मागे आणली. मागची चाकं फळीला लागली. इंजिनाचा आवाज थोडा वाढवला, पेडल हळूहळू सोडलं. जिथे पकडतं तिथे पायाला कळलं. अंगठ्याला कळलं म्हणा. गाडीने श्वास घेतला आणि चढायला लागली. खालून फळीला पोट घासल्याचा आवाज आला, गाडी बुटकी आहे, ते व्हायचंच. त्याच वेळी माझ्या गुडघ्याने कट्ट केलं. मी ऐकलं. मुलाने ऐकलं नाही, इंजिन चालू होतं.

"येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

बोट सुटली. खाडीचं पाणी गढूळ, वारा भरपूर. मला पदर आवरावा लागला. मुलगा म्हणाला,

"पाय कसा आहे?"

"कुणाचा?"

त्याचा फोन वाजला. किहीमवाला. मी मुद्दाम समुद्राकडे बघत राहिले, पण कान इकडेच.

"नाही हो," मुलगा म्हणाला. "नाही, क्लच बदललाय. चालते ना, मस्त चालते. पण विकायची नाही आता. नाही... आईच चालवते."

पलीकडे पोहोचल्यावर बहिणीने शेडमधून परत आणलेला मिक्सर ठेवून घेतला आणि खोक्यावरचे चहाचे गोल डाग बघून विचारलं, "हा वापरलेला आहे का गं?" आहेर घेणारी तिची नात केव्हाच सासरी गेली होती, तिच्याकडे पोहोचवीन म्हणाली बहीण. परतीला मुलाने चावी मागितली. म्हणाला, "फक्त मुरूडपर्यंत." मी दिली नाही. नव्या क्लचला नवशिका पाय बरा नाही.

गुडघा मी डॉक्टरला दाखवणार आहे. पायऱ्या चढताना दुखतो हे खरंच. तेलाची बाटली आता कपाटामागे नसते, उघडी ओट्यावर असते. आणि ती झिजलेली प्लेट गरम पातेल्याखाली ठेवायला झकास आहे. कालवणाचं टोप तिच्यावर ठेवलं की जराही घसरत नाही. मे महिन्यात त्या फळीवर हे जमलं असतं तर बरं झालं असतं.